जे नाही, त्याचाही कागद

दादा, ह्यांना व्हिसा मिळाला. तुम्ही ह्यांना पाहिलेलं नाही. मी लग्न केलं तेव्हा तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली होती आणि मी, तुमची लेक, बावन्न वर्षांची घोडी होते. हे आपल्या ग्वाल्हेरातच हजीऱ्याला राहणारे, भूगोल शिकवून निवृत्त झालेले विधुर मास्तर. मी अमेरिकेतली ग्रंथालयातली नोकरी सोडून आईजवळ राहायला आले, तेव्हा तिची औषधं आणून द्यायचे. आई गेली, औषधं संपली, तरी ते येत राहिले. या वयात कसलं लग्न, म्हणून आपल्या दाणाओळीत बऱ्याच जणांनी नाकं मुरडली, जेवायला मात्र सगळे आले. मग ग्रंथालयाने मला परत कामावर बोलावलं. पेन्शनला थोडीच वर्षं उरली होती, म्हणून मी इकडे अमेरिकेत आले. हे तिकडेच राहिले. दोन वर्षं आमचा संसार टेलिफोनवर चालला, आणि माझ्या एका चुकीमुळे तो कायमचा तसाच राहतो की काय, अशी वेळ आली होती.

झालं असं, की नवऱ्याला इकडे आणायचं तर मी त्यांना सांभाळू शकते हे दाखवावं लागतं, आणि त्यासाठी मागच्या तीन वर्षांची इथली करविवरणं जोडावी लागतात. माझी ती तिन्ही वर्षं ग्वाल्हेरात गेलेली. पहिली दोन वर्षं मी मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवत होते, पगारातून कर कापला जायचा. शाळेने दिलेले फॉर्म सोळा मी मोठ्या ऐटीत जोडले. इथे त्या वर्षांचं काही भरायचं असतं हे माझ्या डोक्यातही आलं नाही. आणि दादा, रागावू नका, पण यात थोडा दोष तुमचाही आहे. तुम्ही एकाच खुर्चीत बसून तीन सरकारांची नोकरी केलीत: आधी संस्थान, मग मध्य भारत, मग मध्य प्रदेश. दर वेळी घरी येऊन सांगायचात, नवं सरकार आलं की जुन्याचं सगळं त्याच्याकडे जातं, आपण मागे वळून बघायचं नाही. मला वाटलं, मी ग्वाल्हेरला परतले म्हणजे माझंही विलीनीकरण झालं. पण इथलं नागरिकत्व घेतलं की तशी सुटका नसते. जगात कुठेही राहा, इथल्या सरकारला कळवावंच लागतं.

कागद परत आले तेव्हा मी स्वयंपाकघरात बसून रडले. ह्यांना फोन केला. आम्ही अजून एकमेकांना अहो-जाहोच करतो. हे म्हणाले, "तुम्ही शांतपणे कागद जमवा. मी कुठे जातोय? हजीरा से हिलने वाला नहीं हूँ." दोन वर्षांची विवरणं मी उशिरा का होईना, भरली. कर काही निघाला नाही, कागदच हवे होते. प्रश्न उरला तिसऱ्या वर्षाचा. त्या वर्षी आई अंथरुणाला खिळली होती, मी शाळा सोडली होती आणि कमाई काहीच नव्हती. कमाई नाही म्हणजे विवरणही नाही, तिथे नियमाने काही चुकलं नव्हतं. पण तीन जागांपैकी एक रिकामी दिसत होती. कामावरच्या एका बाईंनी सुचवलं, की थोड्या शिकवण्या केल्या म्हणून दाखव, भरलेला कागद रिकाम्यापेक्षा बरा. खोटं कशाला बोलू, मी तो फॉर्म पुढ्यात घेऊन पेन हातात धरलं होतं.

आणि दाणाओळीतलं आपलं स्वयंपाकघर आठवलं. थंडीचे दिवस आहेत, मी दहा वर्षांची आहे. तुम्ही शेगडीजवळ पाट ओढून बसला आहात, आई थालीपीठ लावते आहे. कचेरीतल्या कागदांची गाठोडी भोपाळला चालली आहेत, आणि नव्या राज्यात कोण कोणाहून वरचा, याची यादी व्हायची आहे. तुमच्या सेवापुस्तकातली संस्थानच्या काळातली पहिली चार वर्षंच सापडत नाहीत. ती धरली नाहीत, तर कालची पोरं तुमच्या डोक्यावर बसणार. मी म्हणते, दादा, तुम्ही सांगा, मी ती पानं लिहून देते, माझं अक्षर छान आहे. तुम्ही टाक खाली ठेवता. तुम्ही मला कधी मारलं नाहीत, पण त्या नजरेपेक्षा चापट परवडली असती. आई म्हणते, जाऊ द्या, पोरीला काय कळतंय. तुम्ही म्हणता, "कळायला हवं. जे नाही, ते नाही म्हणून लिहायचं. का नाही, तेही लिहायचं. आणि खाली आपली सही करायची." मग रुसून बसलेल्या मलाच तुम्ही तो अर्ज स्वच्छ अक्षरात उतरवायला दिलात. दोन जुन्या सहकाऱ्यांनी साक्षीला सह्या केल्या. उन्हाळ्यापर्यंत चारही वर्षं धरली गेली, आणि त्या दिवशी दालबाजारातून येताना तुम्ही फक्त माझ्यासाठी बर्फी आणलीत.

मी पेनाचं टोपण लावलं. दुसऱ्या दिवशी एक पान लिहिलं: या वर्षी विवरण नाही, कारण कमाई नव्हती, कमाई नव्हती, कारण आईची सेवा करत होते, घर शिलकीवर चालवलं. खाली सही. आताच्या पगाराबद्दल ग्रंथालयाचं पत्र जोडलं आणि पाकीट टपालात टाकलं. व्हिसाच्या मुलाखतीत अधिकाऱ्याने म्हणे तेच पान सावकाश वाचलं आणि ह्यांना विचारलं, तेव्हा तुम्ही काय करत होता? हे म्हणाले, मी औषधं आणत होतो. संध्याकाळी फोन आला, "हो गया जी. आता सांगा, स्वेटर किती आणू?" मी इतकी हसले, की वरच्या मजल्यावरची बाई काय झालं ते बघायला खाली आली. दोन वर्षांत पहिल्यांदा मला भूक लागली होती.

ह्यांच्या स्वेटरांसाठी काल कप्पा रिकामा केला, त्यात तुमचं शेवटचं पत्र होतं. एकदा येऊन जा, एवढंच त्यात आहे. त्याला माझं उत्तर नाही. सगळ्यांना, आईलासुद्धा, मी सांगत आले, की पत्र मला तुम्ही गेल्यावर मिळालं. ते वेळेवर मिळालं होतं. आले तर तुम्ही परत अमेरिकेला जाऊ देणार नाही अशी भीती वाटली, म्हणून आज लिहू, उद्या लिहू करत राहिले, आणि तुम्ही गेल्याची तार आली. हा कागद कुठे पाठवायचा नाही, तुमच्या पत्राबरोबर त्याच कप्प्यात राहील. खाली सही केली आहे.