आउकेच्या कुलपावर नवा ओरखडा नको

वर्कम, ११ नोव्हेंबर २००८

चि. वीबेस,
रिन्स्केताईचे अनेक आशीर्वाद.

तुझ्या कुलुपं उघडायच्या छंदाला मी गेली दोन वर्षं चोरांची शाळा म्हणत आले. तो शब्द मागे घेते आहे असं नाही, पण काम पडलं आहे.

आउकेच्या वर्कशॉपची किल्ली हरवली. म्हणजे मीच घालवली. तो गेल्यावर त्याचे कपडे चर्चमधल्या बायकांना वाटायला दिले, आणि एकुलती एक किल्ली त्याच्या निळ्या कोटाच्या खिशात राहिली. कोट आता रोमानियात आहे म्हणे.

आत निम्म्या गावाचे बर्फावर घसरायचे स्केट्स आहेत, आउकेकडे धार लावायला दिलेले. कालवे गोठले की माणसं दारात उभी राहतील. शेजारचा हाय्ते तर पहार घेऊनच आला होता. त्याला कॉफी पाजून परत पाठवला. मग कुलूपवाला आला. म्हणाला, ड्रिलनं फोडून काढतो, दहा मिनिटांचं काम, नवं बसवू. त्यालाही नको म्हटलं.

का, ते सांगते. आउकेचा हात शेवटची तीन वर्षं थरथरायचा हे तुला माहीत आहे. किल्ली भोकात जायच्या आधी चार ठिकाणी लागायची. पितळेवर सगळीकडे ओरखडे आहेत. तो काही पत्रं लिहिणारा माणूस नव्हता, त्याच्या हातचं माझ्याकडे एवढंच आहे. त्यात कोणाची भर नको. तुला जमेल का ते सरळ सांग.

तुझी,
रिन्स्केताई


हार्लेम, १६ नोव्हेंबर

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र यान्नेकेला वाचून दाखवलं. ती म्हणाली, ताईंनी तुला काम सांगितलं म्हणजे बाकीचे सगळे मार्ग संपलेले दिसतात. बायको म्हणून तिला हे बोलायचा हक्क आहे.

कुलूप उघडेल. न खरवडता उघडेल का, हे आज सांगता येत नाही. सगळे दात खोल कापलेली किल्ली आत घालायची आणि मागून ठोकायची, एवढीच आमची विद्या. पण दर ठोक्याला किल्लीचा खांदा, म्हणजे मुठीजवळचा रुंद भाग, पितळेवर आपटतो आणि तिथे खड्डा पडतो. आमच्या कुलूप उघडणाऱ्यांच्या मंडळातल्या बर्टसनं हौसेनं जमवलेलं एक जुनं कुलूप मागच्या वर्षी मी असंच चेचलं. तो काही बोलला नाही. अजून बोलत नाही.

आमचे नियम दोन. दुसऱ्याचं कुलूप परवानगीशिवाय उघडायचं नाही, आणि वापरातल्या कुलपाला हात लावायचा नाही. तेव्हा मला तुझी परवानगी लेखी लागेल. हसू नकोस. कुलपावरचं नाव आणि नंबरही कळव. तसलंच एक शोधून आधी त्याच्यावर हात बसवतो.

आउकेदाजींची आठवण येते. लोभ आहेच, कुलूप उघडेपर्यंत तरी राहू दे.

तुझा,
वीबे


वर्कम, २० नोव्हेंबर

चि. वीबेस आशीर्वाद.

मी, रिन्स्के, माझ्या सख्ख्या धाकट्या भावाला, ज्याचं नाक तो सहा वर्षांचा होईपर्यंत मी पुसलं, माझ्याच दाराचं कुलूप उघडण्याची परवानगी देते. ते वापरात नाही. तीच तर अडचण आहे. सही केली आहे. साक्षीदार म्हणून हाय्तेनंही केली आहे. पहार अजून त्याच्या हातातच असते.

नाव आणि नंबर मागच्या पानावर.

रिन्स्केताई


हार्लेम, १४ डिसेंबर

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

जुन्या बाजारात तसलंच कुलूप मिळालं. तेव्हापासून रोज जेवण झालं की ठोकत बसतो. यान्नेके रेडिओ मोठा करते.

आधी किल्लीच्या खांद्याला रबराची चकती लावली. किल्ली उसळून बाहेर यायची, कुलूप जागचं हलायचं नाही. मग चामडं लावलं. उघडलं, पण पितळेवर तपकिरी गोल डाग राहिला. शेवटी पियानोच्या हातोड्यांवरचा नमदा, दाबलेल्या लोकरीचा, आठवला. चाळीस वर्षं पियानो सुरात लावले, त्या नमद्याचे तीन खोके माळ्यावर आहेत, आणि दर वसंतात यान्नेके ते फेकायला काढते. नमद्याची चकती खांद्याला बसवली, किल्लीचं टोक घासून गोल केलं. तीस ठोक्यांत नमदा दबून जातो, मग नवा लावायचा. सहाशे ठोके झाले. भिंगातून पाहिलं, पितळ जसंच्या तसं.

बर्टसला दाखवलं. तो बराच वेळ पाहत राहिला आणि म्हणाला की हे मागच्या वर्षी सुचायला हवं होतं. म्हणजे बोलला.

तीन जानेवारीला आम्ही दोघं येतो. वाटाण्याचं सूप कर.

वीबे


हार्लेम, ६ जानेवारी २००९

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

सुखरूप पोचलो. सूप छान होतं, पण हे पत्र त्यासाठी नाही.

सत्तावीस ठोके लागले. तू खुर्ची टाकून बसली होतीस. दार उघडल्यावर आत न जाता आधी कुलूप पाहिलंस आणि मान हलवलीस. तुझं समाधान झालं म्हणून मी गप्प बसलो. ते चुकलं.

भोकाच्या डावीकडे, जरा वर, एक ओरखडा आहे. बाकीचे सगळे बारीक आणि वाकडेतिकडे आहेत. हा सरळ आहे, खोल आहे, एका झटक्यात ओढलेला. आधी होता का, ते मी पाहून ठेवलं नव्हतं. विसाव्या ठोक्याच्या सुमारास नमदा सरकल्यासारखा वाटला होता. तेव्हा तो माझाच असणार. तू एकच गोष्ट मागितली होतीस. क्षमा कर म्हणायलाही लाज वाटते.

तुझा,
वीबे


वर्कम, ११ जानेवारी

चि. वीबेस अनेक आशीर्वाद.

कालवे गोठले. चार दिवस दाराशी रांग होती. सगळ्यांचे स्केट्स दिले, हाय्तेचे सोडून. त्यानं ते धार लावायला दिलेच नव्हते, त्याच्याच माळ्यावर निघाले. दोन महिने तो माझं दार फोडायला टपला होता. कुलूपवाल्यानं उघड्या कुलपावरून किल्ली करून दिली. दर्शनी पितळेला हात लावला नाही, मी शेजारीच उभी होते.

तो ओरखडा तुझा नाही. माझा आहे.

दोन वर्षांपूर्वीच्या मार्चमधली गोष्ट. पाऊस होता, आउके दाराशी उभा, भोक सापडेना. मी पिशव्या घेऊन मागे भिजत होते. मी त्याच्या हातातून किल्ली ओढली, खुपसली आणि फिरवली. आत जाऊन त्यानं दिवा लावला.

त्यानंतर मी घरात असले की तो वर्कशॉप उघडत नसे. मी बाजारात गेले की उघडायचा आणि मी यायच्या आत बंद करायचा. हे माझ्या लक्षात यायला उन्हाळा उजाडला. विचारलं मात्र नाही. म्हणजे तिथले बरेचसे ओरखडे त्याने एकट्याने, मी नसताना काढलेले आहेत. तुला ते जपायला सांगितले तेव्हा एवढं सांगायचं मी टाळलं.

आता वर्कशॉप मीच उघडते. काय करायचं ते ठरलेलं नाही, तूर्त खुर्ची नेऊन ठेवली आहे.

उत्तर लिही, पण मला बरं वाटावं म्हणून काही लिहू नकोस. बाकी काहीही लिही. यान्नेकेला माझी आठवण सांग, आणि माया आहे तशी असू दे.

तुझी,
रिन्स्केताई