पंचमीच्या झोक्याचा ठराव

सोनपेठ,
दि. ६ ऑगस्ट २०२५

चि. सौ. उत्तरास,
अ. उ. आ.

फोनवर तू काय बोललीस ते कानातल्या मशीनमध्ये नुसतंच खरखरलं, म्हणून लिहितो. तू ऐकलंस ते खरं आहे. पंचमीला आपल्या गल्लीच्या लिंबाची फांदी मोडली आणि झोक्यावरून पडून शिवकन्या गेली. दत्तरावांची एकुलती लेक. सकाळच्या एसटीनं सासरहून आली, बांगड्या भरल्या आणि थेट लिंबाखाली आली. डोकं ओट्यावर आपटलं. परभणीला नेईपर्यंत सगळं संपलं होतं.

माहेरी येणाऱ्या लेकींसाठी आम्ही सात जणांनी 'माहेर मंडळ' नोंदवलं, त्याला सतरा वर्षं झाली. परवा बैठक झाली. अध्यक्ष दिनकरराव म्हणाले की, मास्तर, लिहून टाका, पोरीनं झोका लय उंच नेला, मंडळाची चूक न्हाई. म्हणजे पुढच्या साली लोखंडी झोका उभारून उत्सव चालू ठेवता येईल. सचिव म्हणून ठरावावर सही माझी लागते.

तुला एकटीलाच सांगतो. आदल्या दिवशी झोक्याचा दोर बांधताना गल्लीतली रेणुका म्हणाली होती की, अण्णा, फांदी आतून वाळायलीय. मी तिला म्हणालो, एवढी पंचमी निघू दे.

जेवण जात नाही. आशीर्वाद आहेतच.

तुझा,
अण्णा

नागपूर,
दि. ११ ऑगस्ट २०२५

ती. अण्णांस,
सा. न. वि. वि.

दोन दिवस पत्र उशाशी ठेवून होते. शिवकन्या मला 'मास्तराची भित्री पोर' म्हणायची आणि स्वतःच हात धरून झोक्यावर चढवायची. तुम्ही खालून ओरडायचात, ती अजून जोर लावायची.

अण्णा, रागवा, पण सही करून टाका. तुम्ही चौऱ्याहत्तर वर्षांचे, बीपीच्या गोळ्या चालू. चौकीच्या चकरा तुम्हाला झेपणार नाहीत. आई गेल्यावर तुम्हाला या उत्सवानंच उभं केलं. तो बंद पडला तर तुम्ही दिवसभर काय कराल? शिवकन्या तर परत येणार नाही. हे लिहिताना माझी मलाच लाज वाटते, तरी लिहिते.

गोळी चुकवू नका. माझ्यावरची माया पातळ होऊ देऊ नका.

तुमची,
उत्तरा

सोनपेठ,
दि. २ सप्टेंबर २०२५

चि. सौ. उत्तरास,
अ. उ. आ.

तुझं पत्र मिळालं. लाज वाटून घेऊ नकोस. बापासाठी लेक असंच लिहिणार. मी सही करायच्या बेतातही होतो. पण गल्लीत बोलणं सुरू झालं की, रेणुकानंच दोर नीट बांधला नव्हता. तिच्याकडे जाणं-येणं बायकांनी सोडलं. ती मला वाटेत भेटली, मान खाली घालून गेली. फांदीचं मला सांगितलेलं तिनं आणखी कुणालाही सांगितलं नव्हतं. मी बोलायची वाट पाहत होती.

दुसऱ्या बैठकीत मी मंडळाच्या वहीत लिहिलं आणि वाचून दाखवलं : फांदी वाळल्याचं सचिवांना माहीत होतं, त्यांनी झोका थांबवला नाही. दिनकरराव म्हणाले की, मास्तर, तुमी सतरा वर्षांवर पाणी सोडलं. कुणी चहाही घेतला नाही. उत्सव कायमचा बंद करण्याचा ठराव झाला. पोलिसांनी दोनदा जबाब घेतला; पुढे काय ते होईल.

मग मी नक्कल घेऊन दत्तरावांकडे गेलो. त्यांनी ती सावकाश वाचली. म्हणाले की, खरं लिवलं, बरं केलं मास्तर. आता पुन्हा माझ्या दारात येऊ नका. आत शिवकन्येची आई होती.

रेणुकाकडे बायका परत जायला लागल्या आहेत. तेवढंच.

एक मागणं आहे. पुढच्या पंचमीला तू येऊ नकोस. दिवाळीला ये, उन्हाळ्यात ये. पण त्या दिवशी माझी लेक पिशवी घेऊन त्यांच्या दारावरून माहेरी येताना दत्तरावांना दिसू नये.

जावईबापूंना आशीर्वाद. आठवण ठेव.

तुझा,
अण्णा