पायवाट आणि समन्वयक

२ फेब्रुवारी
आजपासून मी समन्वयक. घरातली पहिली पदवीधर होतेच, आता पहिली समन्वयकही. काम मोठं आहे: लँडस्केप आर्किटेक्चर शिकवणारे आणि प्रत्यक्ष बागा उभ्या करणारे यांनी मिळून संशोधन करायचं. शिकवणाऱ्या म्हणजे आमच्या प्रोफेसर मॅडम. बागा उभ्या करणारे म्हणजे आर्किटेक्ट सर, स्वतःचं ऑफिस असलेले. मधे मी. महिनाअखेरीस दोघांनी करारावर सह्या केल्या की माझी तात्पुरती नोकरी तीन वर्षांची होणार. होणार म्हणजे झालीच. बाबांनी शेजारी सांगूनही टाकलं. आईने विचारलं, म्हणजे झाडांना पाणी घालायचं का गं?
संकल्प: आईला रोज थोडा थोडा विषय समजावणे.

५ फेब्रुवारी
आई झोपली.
पहिला प्रकल्प हॉस्पिटलमागची बाग. मॅडमचं म्हणणं, पायवाट आधी आखायचीच नाही. माणसांना वर्षभर मोकळं चालू द्यायचं, माती जिथे दबेल तिथे मग फरशी. सर म्हणाले, त्या पीपीटीवाल्या बाईंना सांग, महिनाअखेर उद्घाटन आहे. पेशंट काय सलाइन धरून चिखलात थिअरी शोधत फिरणार?
मॅडमना कळवलं, सर तुमच्या कल्पनेने भारावलेत. भावार्थ तोच.

८ फेब्रुवारी
मॅडम म्हणाल्या, त्या काँट्रॅक्टरला यातलं ओ की ठो कळत असेल तर शपथ. सरांना कळवलं, मॅडमना तुमच्या अनुभवाबद्दल फार आदर आहे. सर खूश. चहा पाजला. ही कला आहे, अंगात असावी लागते.
भाऊ म्हणाला, ताई, लग्नं जुळवणारी आपली मावशी अगदी अस्संच बोलते. त्याला संशोधनातलं काय कळतं!

१४ फेब्रुवारी
दोन्हीकडे होकार कळवून टाकला. मॅडमना: सर वर्षभर थांबायला तयार. सरांना: मॅडमची फरशीला हरकत नाही. हे खोटं नव्हे. भेटले की सहमत होणारच आहेत. मी निकाल फक्त जरा आधी सांगितला.
संयुक्त शोधनिबंध सुरू केला. शीर्षक झालं, आभार झाले. मधलं राहिलंय.

१९ फेब्रुवारी
दोघांची भेट पुन्हा पुढे ढकलली. मॅडमना सांगितलं, सर साइटवर आहेत. सरांना सांगितलं, मॅडम सेमिनारला गेल्यात. दोन्ही खरं. दिवस वेगळे होते इतकंच.
संकल्प: ताण न घेणे.

२३ फेब्रुवारी, सकाळी
मॅडम विद्यार्थी घेऊन पावलांचे ठसे टिपायला अचानक बागेत आल्या. त्याच वेळी सरांचा फरशीचा ट्रक आला. ठसे गेले. मॅडम ट्रकसमोर उभ्या. सर म्हणाले, अहो बाई, तुमची हरकत नव्हती ना? मॅडम म्हणाल्या, माझी? आणि तुम्ही तर भारावला होतात ना? मग दोघांनी माझ्याकडे पाहिलं. मी झाडांकडे.

त्याच दिवशी, दुपारी
दोघं फरशांच्या ढिगावर बसून मी काय काय सांगितलं ते एकमेकांना सांगत होती. आदर आहे म्हणाली? असं म्हणत मॅडमना हसून ठसका लागला. सरांनी आपली बाटली पुढे केली. मग सर म्हणाले, सिमेंट नकोच, फरशा वाळूवर नुसत्या मांडू. लोक जिथून चालतील तिथे वर्षभराने सरकवू. मॅडम म्हणाल्या, अहो, मग हाच प्रयोग की!
माझ्या तीन आठवड्यांच्या कष्टाचं चीज झालं. त्यांना दहा मिनिटं लागली, पण पाया माझा.

२७ फेब्रुवारी
सह्या झाल्या! तीन वर्षांचा करार. त्यात एक नवं कलम आहे: दोन्ही पक्ष एकमेकांशी थेट बोलतील. समन्वयकाचं पद रद्द. सर म्हणाले, मनाला लावून घेऊ नकोस गं. मॅडम म्हणाल्या, आभारात तुझं नाव नक्की घालू.
शांतपणे विचार केला. समन्वयकाची गरजच न उरणं, याहून मोठं यश कोणतं?
जेवताना घरी हेच समजावलं. आईने आणखी एक पोळी वाढली. बाबांनी हातातला घास संपवला. मग म्हणाले, बाळा, पुढच्या नोकरीत जरा कमी यशस्वी होता येईल का बघ.