ह्यांच्या भुतांवरचे लेख

सोमवार, ता. ६

चि. भिंगरी हिस आजीचे पोटभर आशीर्वाद. वि. वि.

सगळ्यांत आधी टपकली ती दातांची डॉक्टरीण. दिलेल्या वेळेच्या कितीतरी आधी बाई दारात, हातात फुलं, आणि माझ्या डोक्याला अजून टॉवेल गुंडाळलेला. तिच्यामागून प्रोफेसर आले, पायऱ्या चढून धापा टाकत. आजोबांवरच्या पुस्तकासाठी तू ज्यांच्याकडून लेख लिहून घेतलेस त्यांतले दोघे ह्यांना भेटायला आणि होकार घ्यायला येणार, हे माझ्या चांगलं लक्षात होतं हो. पण हे! बेल वाजली मात्र, चहाचा कप तसाच टाकून वरच्या खोलीत पसार. जन्मभर भुताखेतांच्या कादंबऱ्या लिहून लोकांची झोप उडवली, आणि दोन वाचक दारात आले तर ह्यांचीच गाळण उडाली. जाता जाता मला बजावलं, बाहेरगावी गेलेत म्हणून सांग.

सांगितलं मी तसं. खोटं बोलले की माझे कान लाल होतात, तुला माहीतच आहे. चहा केला, बिस्किटं काढली. डॉक्टरणीने एकही खाल्लं नाही, दातांना चिकटतात म्हणे. प्रोफेसरांनी तिच्याही वाटची खाल्ली. तेवढ्यात वर धप्प झालं. मग पावलं वाजली, ह्या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. मी घाईघाईने म्हटलं, वर कोणी नाही, सध्या मी एकटीच असते घरात. भिंगरे, हे बोलायला नको होतं बघ! दोघांचे डोळे असे चमकले म्हणतेस! प्रोफेसर कुजबुजले की हे तर थेट कादंबरीतलंच. डॉक्टरणीने माझा हात घट्ट धरून विचारलं, हे आवाज कधीपासून येतात म्हणून. मी काय सांगणार? म्हटलं, लग्न झाल्यापासून.

मग वरून शिंक आली. ह्यांची शिंक म्हणजे पत्रा कोसळावा तशी. दोघं हसत सुटले, मीही सुटले.

जाताना दोघांनी आपापले लेख टेबलावर ठेवले, सरांना द्या म्हणाले. पण सर हात लावतील तर शपथ! म्हणतात, खिल्लीच उडवली असणार. मागे एका टीकाकाराने छापलं होतं की ह्यांची पुस्तकं पुड्या बांधायच्या लायकीची. ते अजून घशात अडकलंय. मला काय कळतंय त्यातलं? मी चौथी शिकलेली, त्यात भित्री. ह्यांचं एकही पुस्तक मी आजवर उघडलेलं नाही.

हे सारं फोनवर सांगितलं असतं, पण फोन ह्यांच्या खुर्चीशेजारी. लोभ दाट आहेच, तो पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी आजी

गुरुवार, ता. ९

ती. आजीस भिंगरीचा शि. सा. न. वि. वि.

पत्र ऑफिसात वाचलं आणि इतकी हसले की आमच्या मुद्रितशोधकांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. पण हसून झाल्यावर लगेच हे पत्र लिहायला घेतलं. आजी, आजोबांच्या होकारावाचून हे पुस्तक निघणार नाही. आमच्या प्रकाशिका म्हणतात, लेखकाच्या मनाविरुद्ध त्याच्यावरचं पुस्तक काढायचं नाही. महिनाअखेर होकार आला नाही तर सगळे लेख ज्याचे त्याला परत. वर्षभर मी ह्या लेखांच्या मागे धावले आहे, आणि माझ्या हातून निघणारं हे पहिलंच पुस्तक. त्यात आजोबांना कुणी हसलेलं नाही ग, उलट प्रेमाने लिहिलंय.

त्यांना वाचा म्हणू नकोस, ते वाचणार नाहीत. तूच वाचून दाखव. अडखळलीस तर उत्तमच, त्यांना राहवणार नाही, मधे बोलतीलच. आणि घाबरू नकोस, लेखात भूत नसतं. फार तर तळटीप असते.

माया आहेच, आता थोडी चिकाटीही असू दे.

तुझी लाडकी आणि सध्या रडकुंडीला आलेली,
भिंगरी

मंगळवार, ता. १४

चि. भिंगरीस आजीचे आशीर्वाद, वर एक पापा. वि. वि.

वाचलं ग बाई, वाचलं! हे जेवून खुर्चीत विसावले, आता पळत नाहीत असं बघून मी चष्मा चढवला. आधी डॉक्टरणीचा घेतला, तो सोपा. दवाखान्यात ती बाहेरच्या बाकावर ह्यांची पुस्तकं ठेवते. पेशंटची सगळी भीती तिथेच खर्च होते, आत खुर्चीत बसताना कुणी कुरकुरत नाही. लहानपणी तिची आई इस्पितळात होती, तेव्हा ती ह्यांच्या कादंबऱ्या वाचत बसायची. पुस्तकातल्या भीतीला शेवटचं पान असतं, असं लिहिलंय तिने. हे खिडकीबाहेर बघत होते, पण पाय हलवायचे थांबले.

मग प्रोफेसरांचा. आई ग, काय ते शब्द! एकेक ओलांडताना दम लागला. त्यांनी सगळ्या कादंबऱ्या पुन्हा वाचून शोध लावलाय. ह्यांची भुतं जिन्यावर बसतात, कपाटात शिरतात, पलंगाखाली लोळतात, पण एकाही पुस्तकात भूत स्वयंपाकघरात येत नाही. पळत जो तिथे पोचला तो वाचला. आणि हे म्हणे आदिम अग्नीचं प्रतीक आहे.

इथे तुझे आजोबा उखडले. कसलं प्रतीक न कसलं काय, म्हणाले, हिने सांगितलं होतं! आणि बोट माझ्याकडे.

मला आधी उमजेचना. मग आठवलं. नवीन संसार, दोन खोल्या. हे स्वयंपाकघरातल्या टेबलावर लिहायचे आणि लिहिलेलं मला वाचून दाखवायचे. पहिल्याच गोष्टीत ह्यांनी पिठाच्या डब्यातून भूत काढलं. मी झारा उगारला. म्हटलं, भल्या पहाटे मला इथे एकटीने चहा टाकायचा असतो, तुमची भुतं जगभर नाचवा, माझ्या स्वयंपाकघरात एकानेही पाऊल टाकायचं नाही. मी बोलले आणि विसरले. ह्यांनी मात्र पाळलं ग! इतक्या पुस्तकांत, एकदाही न चुकता, मला न सांगता. एरवी माझा वाढदिवस दरवर्षी विसरतात!

इतकी वर्षं बोलला का नाहीत, विचारलं. म्हणाले, वाटायचं, तू कधीतरी वाचशील. मी चष्मा पुसायला म्हणून उठले ती बराच वेळ पुसतच होते.

हे मात्र पेटले. माणसाने वाचलंय बारकाईने, पण अर्थ साफ चुकीचा काढलाय, तो आपणच दुरुस्त करायला हवा, म्हणत प्रोफेसरांना फोन लावला. तासभर भांडले, आणि भांडता भांडता असे हसायला लागले की मी बघतच राहिले. तुझ्या पुस्तकाला होकार आहे. अट एकच, शेवटचा लेख हे स्वतः लिहिणार, प्रोफेसरांना उत्तर म्हणून. सोबतच्या कागदावर सही आहे, मी शेजारी उभं राहून घेतली.

मीही ह्यांची पहिली कादंबरी वाचायला घेतली आहे. भर दिवसा, सगळे दिवे लावून, स्वयंपाकघरात बसून. भूत दिसलं की हसायला येतं, म्हणते, ये ना, ये इकडे हिंमत असेल तर.

आहे तो लोभ ठेव, आणखी असेल तोही पाठव.

तुझी आजी

ता. क. मुख्य राहिलंच. डॉक्टरीण आणि प्रोफेसर पुन्हा यायचेत. दार आपणच उघडणार म्हणून ह्यांनी आजच केस कापून घेतले, नवा सदरा खुर्चीवर काढून ठेवलाय. येतो म्हणालेत ते रविवारी.