मिडियमची कंबर

प्रिय भिंगरी,

फोनवर तू मला दोन वाक्यांच्या पुढे जाऊ देत नाहीस. 'आई, भाषण नको,' म्हणतेस आणि ठेवून देतेस. कागदाच्या बाबतीत ती सोय नाही. फार तर फाडशील. पण फाडण्याआधी वाचशील, एवढी मी तुला ओळखते. तेव्हा हे भाषणच आहे असं धरून चाल. टाळ्या नकोत, फक्त मधेच उठून जाऊ नकोस.

रविवारी तू जेवायला आलीस, तो नवा निळा ड्रेस घालून. तुझी आत्या दार उघडता उघडताच ओरडली, "अगंबाई, किती बारीक झालीस गं!" आणि तुझा चेहरा असा काही खुलला की तुझ्या निकालांच्या दिवशीसुद्धा मी तो तसा पाहिला नव्हता. कपड्यांच्या एवढ्या मोठ्या कंपनीत तू अख्खी सॅम्पल रूम सांभाळतेस, तुझ्या होकाराशिवाय एक बाही कारखान्यात शिवली जात नाही, आणि तुला प्रमाणपत्र हवं होतं ते हे! मग आत्याने मोर्चा माझ्याकडे वळवला. "वहिनी, तुम्ही मात्र सुटलात हं." मी म्हटलं, "कुठली सुटतेय वन्सं, अजून तुमच्याच तावडीत आहे." तू हसलीस. पण पानावर बसल्यावर वाढलेलं अर्धं हळूच कडेला सारलंस, आणि मी पाहतेय हे पाहून पाणी प्यायलीस.

बाईने बाईला भेटल्यावर आधी वजन करायचं आणि मग पाणी विचारायचं, ही आपली जुनी रीत. वाळलीस, सुटलीस, भरलीस, उतरलीस. माणूस आहे की चुलीवरचं दुधाचं पातेलं? मी हे आयुष्यभर ऐकत आले. एकदा युनियनच्या गेटसभेत बोलत असताना मागून एक जण ओरडला, "बाई वजनदार आहेत!" मी माइकवरूनच विचारलं, "मुद्दा की मी?" तो म्हणाला, "दोन्ही!" म्हटलं, "मग ये पुढे, जे झेपेल ते उचलून दाखव." सभा पोट फुटेस्तोवर हसली आणि गडी मागच्या मागे पसार. असल्यांना मी एका वाक्यात गुंडाळून ठेवत आले. त्यांचा मला कधी त्रास झाला नाही. त्रास होतो तो टेप घेऊन, चष्मा लावून, 'कंपनीचं धोरण' म्हणत जे हाच धंदा करतात त्यांचा. आणि त्या घोळक्यात आता माझी लेक उभी आहे.

मला तुमच्या मिडियमबद्दल लिहायचंय. तिचं खरं नाव तुझ्या तोंडून मी कधी ऐकलंच नाही. 'मिडियमला बोलवा', 'मिडियम चहाला गेलीय', 'मिडियमचा आज मूड नाही'. तू नोकरीला लागलीस तेव्हा मला किती कौतुकाने सांगितलं होतंस की आई, आमच्याकडे एक बाई आहे, तिच्या अंगावर कपडा बेतून बघतात. तिला जो बसतो तो मिडियम, आणि बाकीचे सगळे लहानमोठे साइझ त्यावरूनच हिशेबाने पाडतात. मला गंमत वाटली होती. लाखो बायका दुकानाच्या आरशासमोर श्वास रोखून ज्या अक्षराची मनधरणी करतात, ते अक्षर म्हणजे एक जिवंत बाई, डबा आणणारी, गुडघे दुखणारी, कटिंग मास्टरांना "मास्तर, टाचणी कपड्याला लावा, मला नको," असं सुनावणारी.

दर सोमवारी सकाळी तुम्ही तिला चपला काढून वजनाच्या काट्यावर उभी करता. बंद खोलीत नव्हे. कटिंगचं टेबल आणि इस्त्री यांच्या मधे, सगळ्यांदेखत. मास्तर आकडा मोठ्याने वाचतात. काटा जागेवर असला की सगळे "शाब्बास मिडियम!" म्हणतात, आणि तीही हसून नमस्कार करते. तुमच्या मोठ्या साहेबांचं पोट साहेबांच्या आधी खोलीत शिरतं, असं तूच सांगतेस. त्यांच्या पोटाला मी हसत नाही, ते त्यांना लखलाभ. मी एवढंच विचारते, की त्यांना सोमवारी काट्यावर कोण उभं करतं? निर्णय तर त्यांचेही चुकतात. त्यांचे कपडे शिंपी घरी येऊन शिवतो, आणि पोट वाढलं की शिंप्याला फोन जातो. बाईचं पोट वाढलं की बाईला नोटीस जाते.

पुढे काय झालं ते तुला माहीत आहे, पण तू ते कसं विसरत चालली आहेस ते मला दिसतंय, म्हणून लिहून ठेवते. तिचं पिशवीचं ऑपरेशन झालं. रजेवरून परत आली तेव्हा काटा जिथे होता तिथेच. दंड उतरले, गाल बसले, कंबर तेवढी रुंदावली. बेरीज तीच. तुम्ही काट्याचे असे भक्त, की काट्याने साक्ष दिल्यावर टेपला कुणी विचारलंच नाही. तिला बसतो तो मिडियम! मास्तरांनी तिच्या नव्या कमरेवर कपडा बेतला, तू मान डोलावलीस, आणि सगळा हंगाम त्या मापाने बाहेर पडला. दीड इंच जास्त. देशोदेशीच्या कंबरशास्त्र्यांनो, या आणि बघा! आभाळ कोसळलं नाही. उलट दुकानांत झुंबड उडाली. बायकांनी लिहून कळवलं, या कपड्यात बसता येतं, जेवता येतं, खाली वाकून मूल उचलता येतं. कंपनीने तुझा सत्कार केला. फुलांचा गुच्छ घेऊन तू थेट माझ्याकडे आलीस आणि मी शेजारणीला हाक मारून तो दाखवला.

मग कुणीतरी टेप लावली. कागदावरचं माप आणि कपड्याचं माप जुळेना. सगळी सॅम्पल रूम एकमेकांकडे बघायला लागली. मग सगळ्यांना एकदम काट्यावर उभी राहणारी बाई दिसली. दोष कुणाचा? बेतणाऱ्याचा नाही, मान डोलावणारीचा नाही. कंबर ज्याची, दोष त्याचा.

ती माझ्याकडे आली. का आली ते पुढे सांगते. समोरच्या खोलीत खुर्चीच्या काठावर टेकली आणि म्हणाली, "ताई, नीट बसू का? नाही म्हणजे, मी मापात बसत नाही असं आता लेखी आलंय." मी हसले, ती हसली, आणि मग तिला हसू आवरेना, आणि ते हसू कुठल्या क्षणी दुसरं काही झालं ते दोघींनाही कळलं नाही. नोटिशीत आरोप काय, तर 'शरीरातील बदल व्यवस्थापनापासून लपवला.' दिवसभर तिच्या कमरेला कापड गुंडाळणाऱ्या माणसांपासून तिने कंबर लपवली! हत्तीने शेपटीमागे लपावं तसं. मी पुष्कळ नोटिसा वाचल्या आहेत, भिंगरी. मालकांची मराठी मला पाठ आहे. पण इतकी निर्लज्ज ओळ मी वाचली नव्हती. ती म्हणाली, "ताई, इतकी वर्षं मी जे घालायचे ते मिडियम होतं. मी घातलं म्हणून होतं. आता मी कोण?" मी तिला पाणी दिलं आणि ती नोटीस पुन्हा पहिल्यापासून वाचायला घेतली.

आणखी एक गोष्ट तिने सांगितली. शेवटच्या दिवशी तिला टेबलाजवळ उभी करून मास्तरांनी पुन्हा सगळीकडून मापं घेतली. गळा, पाठ, दंड, मनगट, कंबर, सगळी. मास्तर तिच्याकडे बघत नव्हते. तिला वाटलं, चौकशीत पुरावा म्हणून घेताहेत. ती ताठ उभी राहिली, पोट आत ओढून. "चांगलं माप यावं म्हणून, ताई," म्हणाली.

तू लहान होतीस तेव्हा तुझे फ्रॉक मी शिवायचे. शिवण कसली ती, तू मला अजून चिडवतेस. पण फ्रॉक घट्ट झाला की मी फ्रॉक उसवायचे. तुला उसवायचे नाही. शिलाईत मुद्दाम कापड राखून ठेवायचे, कारण मूल वाढणार हे मला ठाऊक होतं आणि त्याचा मला आनंद होता. नवा फ्रॉक अंगात घातलास की तू आरशासमोर अशी गरगर फिरायचीस की तुझं नावच भिंगरी पडलं. रविवारी, तू हात धुवायला गेलीस तेव्हा, खुर्चीवर टाकलेला तुझा कोट मी घडी घालायला उचलला. कॉलरच्या आतली साइझची पट्टी कापून टाकलेली. कात्रीने, अगदी कडेने, दोऱ्याचं टोकही राहू न देता. जी पोरगी जगाला पट्ट्या लावते ती स्वतःची पट्टी चोरून कापते! मला तुझा राग यायला हवा होता. आला, पण जरा वेळाने.

आणि निळ्या ड्रेसवरची पट्टी मात्र तू ठेवली आहेस. दाखवलीस मला. "आई बघ, मिडियम!" तो कुठल्या हंगामातला, ते तुला ठाऊक नाही असं सांगू नकोस. आत्याने ज्याला 'बारीक झालीस' म्हटलं, तुझा चेहरा ज्याने उजळला, ते तुझं उपाशी राहणं नव्हे. तो तिचा दीड इंच आहे. तिच्या ऑपरेशननंतरची कंबर घालून तू माझ्या घरी मिरवलीस, आणि तिला काढून टाकण्याच्या कागदावर सही करून आलीस.

आत्या गेल्यावर तू ओट्यापाशी माझ्याबरोबर भांडी पुसत होतीस. तेव्हा हसत हसत म्हणालीस, "कपडे बेतायला नवा पुतळा आलाय आमच्याकडे. हुबेहूब तिच्या मापाचा. खप चांगला चाललाय ना, मग माप कोण बदलतंय? आणि पुतळा बरा गं आई, रजा घेत नाही, चहाला जात नाही, उलटून बोलत नाही." माझ्या हातातलं ताट मी खाली ठेवलं. तुला वाटलं दमले. बाई काढली आणि तिचं अंग ठेवून घेतलं! पूर्वीचे सरदार हरणं मारून भिंतीवर शिंगं लावायचे, पण निदान 'हरणाने आम्हाला फसवलं' असं खाली लिहायचे नाहीत. तुमच्या कंपनीने तर तिच्या नोटिशीत लेखी कळवलंय, की त्या बाईमुळे नुकसान झालं आणि माप पूर्ववत केलं. खाली तुझी सही. शाळेत तू शुद्धलेखनाच्या वहीत खाडाखोड झाली तर रडायचीस. ही सही मात्र किती सुबक आलीय.

आता का लिहिलं ते सांगते. गुरुवारी कंपनीत तिची चौकशी आहे, मगच तिचं काढणं पक्कं होणार. तिच्या बाजूने बोलायला तिला एक माणूस आणता येतो, आणि तिने माझं नाव दिलंय. "तुमच्या लेकीविरुद्ध आहे, नाही म्हणालात तरी समजेन," असं तिने दारातच सांगितलं होतं. मी तिला आत घेतलं. कंपनीची साक्षीदार तू आहेस. समोर मी असणार हे तुला नोटीसबोर्डावरून कळू नये. पुतळ्याची गोष्ट मी तिला सांगितलेली नाही, गुरुवारीही सांगणार नाही. ती तू आईला सांगितलीस, ओट्यापाशी, आणि आईच्या घरातलं बोलणं मी टेबलावर आपटणार नाही, त्याने ती जिंकत असली तरी. माझ्याकडे दुसरा पुरावा नाही, हे तुला आणि मलाच माहीत आहे. मी तुला फक्त एक प्रश्न विचारणार आहे, की आज तुमचा मिडियम कशावर बेतला जातो? खरं सांगितलंस तर ती परत कामावर येईल आणि तुझी खुर्ची बहुधा जाईल. तुझी खोली मी झाडून ठेवली आहे. खोटं सांगितलंस तर मी दुसरा प्रश्न विचारणार नाही. चाळीस माणसांच्या समोर असो की चाळीस हजारांच्या, तुझी आई कधी गप्प बसलेली तू पाहिली नाहीस. गुरुवारी तुझ्या उत्तरानंतर कदाचित बसेन. ते ऐकायची तयारी ठेवून ये.

तुझीच,
गुरुवारी तुझ्या समोर बसणारी,
आई