पिवळा कागद

दि. ३ मार्च

ती. स्व. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. आईचा गुडघा बरा आहे आणि ती रोज दुपारी फिरायला जाते, हे वाचून बरं वाटलं. पण दोन-दोन तास म्हणजे जरा अतीच झालं. तिला म्हणावं, वाटेत कुठेतरी बसत जा.

मी मजेत आहे. खोलीची खिडकी अजून लागत नाही, घरमालक रोज ‘उद्या’ म्हणतात. ऑफिसात नवी खुर्ची मिळाली आहे, तिचं एक चाक आपल्या मर्जीने चालतं. फोनवर आई ‘जेवलास का’ विचारते आणि उत्तर ऐकायच्या आत ठेवून देते, म्हणून हे सगळं लिहितोय. तिला नेहमीसारखं दोनदा वाचून दाखव. पिवळा कागद नेहमीप्रमाणे फक्त तुझ्यासाठी.

(पिवळा कागद)

ताई, हे आईला वाचू नकोस.

आमचा विभाग काय करतो ते तुला माहीत आहे. ग्रंथालयाच्या एखाद्या उपक्रमाला किती माणसं आली हे आम्ही मोजत नाही. आल्यामुळे त्यांच्यात काय बदललं, ते मोजतो. अठरा शाखांचे फॉर्म आले आहेत. शाखेचं नाव झाकलेलं, वर नुसता क्रमांक. काल गठ्ठा नऊ माझ्या टेबलावर आला: प्रौढांचा वाचनवर्ग, एक्केचाळीस फॉर्म. पहिला उघडला आणि मग एकेक करत सगळे उघडून पाहिले. सगळे एकाच अक्षरात. माझ्या शाळेच्या वह्यांवर ज्या अक्षरात नाव घातलेलं असायचं, त्या अक्षरात. आणि ‘फॉर्म कोणी भरला’ या रकान्यात सगळीकडे ‘स्वतः’वर खूण.

उत्तरंही अशी की कोणालाही संशय यावा. सतरा क्रमांकाचं तर बघ: ‘मुलाची पत्रं माझी मला वाचायची आहेत. मुलगी वाचून दाखवते, पण मधलं गाळते असा संशय आहे.’ असं गोड कोण बोलतं? मी हसलो आणि मग घाबरलो.

२८ तारखेला समिती बसणार आहे. फरक पडल्याचं दिसलं नाही तर उपक्रम बंद. फॉर्म बनावट ठरले तर तुझा वर्ग जाईलच, वर तुझ्यावर शिस्तभंगाची कारवाई होईल. काय करून बसलीस हे? उलट टपाली लिही.

लोभ असू दे. या महिन्यात जरा जास्तच लागेल.

तुझा धाकटा


दि. ८ मार्च

चि. मोजपट्टीस,
अ. उ. आ.

लहानपणी दाराच्या चौकटीवर पेन्सिलीने स्वतःची उंची मोजणारा तू. तुला हे नाव उगाच पडलं नाही. आता बहिणीला मोजायला निघालास. असो.

हो, सगळे फॉर्म मी भरले. वर्ग सुरू होऊन तीन महिने झाले होते. कोणी जेमतेम नाव गिरवत होतं, कोणाला अजून जोडाक्षरांची भीती वाटत होती. आणि तुमच्या ऑफिसातून आला चार पानी फॉर्म, आठ दिवसांत लिहून पाठवा! वाचायला शिकणाऱ्यांना चार पानं लिहायला सांगणाऱ्या शहाण्याला एकदा माझ्यापुढे बसव. मी एकेकाला शेजारी घेतलं, प्रश्न वाचला, त्याने जे सांगितलं ते लिहिलं. पदरचा एक शब्द घातला नाही. शिंप्याला गिऱ्हाइकाचं माप आता वहीत टिपता येतं, इस्पितळात फरशी पुसणाऱ्या बाईला वॉर्डांच्या पाट्या वाचता येतात. माझ्या डोळ्यांदेखत घडलं हे.

‘स्वतः’ची खूण मात्र चूक होती. फॉर्मखाली छापलं होतं की कर्मचाऱ्याने भरलेला फॉर्म धरला जाणार नाही. आणि ‘दुसऱ्याने भरला’ असं लिहायचं म्हटल्यावर ती माणसं खाली बघायला लागली. शिंपी तर उठून निघालाच होता. मला बघवलं नाही, मी खूण केली. जे खोटं आहे ते एवढंच. सतरा नंबरचं वाक्य अक्षरन् अक्षर खरं आहे. ते कोणाचं हे सांगणार नाही, मला शपथ घातली आहे.

तुझ्या पत्रानंतर मला दुसरं काही सुचत नाहीये. आज वर्गात फळ्यापाशी उभी राहून एकेकाकडे बघत होते. माझी नोकरी राहू दे बाजूला. ही माणसं इथे यायला किती वर्षं थांबली होती ते मला माहीत आहे. दार एकदा तोंडावर लागलं की पुन्हा येणार नाहीत.

आई बरी आहे. पांढरा कागद दोनदा ऐकला. खुर्चीच्या चाकाला पुन्हा हसली.

तब्येत सांभाळ आणि रागावलास तरी लिहीत राहा.

तुझी ताई


दि. १४ मार्च

ती. स्व. ताईस,
सा. न. वि. वि.

खिडकी दुरुस्त झाली. आता उघडत नाही. आईला सांग, मी वेळेवर जेवतो आणि तिने विणलेला स्वेटर ऑफिसात सगळ्यांना आवडला.

(पिवळा कागद)

ताई, मी साहेबांना सांगून टाकलं की गठ्ठा नऊ माझ्या बहिणीच्या शाखेचा आहे, तो माझ्याकडून काढून घ्या. ते म्हणाले, काढून घेतो, पण तू त्यात जे पाहिलंस ते २४ तारखेपर्यंत लेखी दे. म्हणजे तुझ्याविरुद्धची पहिली ओळ माझ्याच हातची असणार. दोनदा लिहायला बसलो, दोनदा कागद फाडला.

मला तुझं पटतं. पण माझ्यापुढच्या कागदावर पटणं मांडायला रकाना नाही. एक्केचाळीस माणसं बदलली असं तू म्हणतेस आणि त्याला साक्षीदार तूच. मी गप्प बसलो तर उरलेल्या सतरा शाखांच्या खऱ्या फॉर्मांना काय अर्थ राहिला? मला ‘बनावट’ हा शब्द लिहावा लागेल. तुझी आणि माझी गाठ अशी पडेल असं कधी वाटलं नव्हतं. तुझा रागही येतो आणि तुझी काळजीही वाटते.

आईला यातलं काही कळू देऊ नकोस. तिला कागदपत्रांतलं काय कळतं? रडेल आणि मला गळ घालत बसेल.

तुझा धाकटा


दि. २० मार्च

बाळा,
आशीर्वाद.

हे पत्र मी लिहिते आहे. मी म्हणजे आई. ताई शेजारी नाही. कोणी सांगितलेलं नाही. दोन दुपारी लागल्या. चुका असतील. तुझं लाल पेन काढू नकोस.

ताई दोन दिवस बैठकीला बाहेरगावी गेली होती. तेव्हा तुझं पत्र आलं. पाकिटावर ताईचं नाव होतं. ते मला वाचता आलं, तरी फोडलं. पांढरा कागद लगेच वाचून झाला. पिवळ्याला दोन दिवस लागले. तुमचा पिवळा कागद असतो हे मला माहीतच नव्हतं. ‘बनावट’ शब्द तीनदा वाचला. मग ताई आली. तिला सगळं विचारलं. तिने तुझा आधीचा पिवळा कागदही काढून दिला. तोही वाचला.

मी फिरायला जात नाही. वर्गाला जाते. सतरा नंबरचा फॉर्म माझा आहे. ते वाक्य मी बोलले, ताईने तसंच लिहिलं. तिला ते आवडलं नव्हतं, कारण ती मधलं गाळते. तू त्याला हसलास. तुला मी सांगणार होते, पण आधी एक अख्खं पत्र लिहून मगच. म्हणून तिला शपथ घातली.

तू लिहिलंस, आईला कागदपत्रांतलं काय कळतं. कळलं.

मला राग आला. मग दाराच्या चौकटीवरच्या तुझ्या रेघा पाहिल्या. तुझी उंची मोजायची तर तुला तिथे उभं करावं लागायचं. ताईला विचारून रेघ मारली नाही कधी. तुम्ही आम्हाला विचारलं ते ताईच्या हातून. आम्हाला चौकटीपाशी उभं करा ना. तेव्हा आम्हाला लिहिता येत नव्हतं, आता सहावा महिना आहे.

माझा फॉर्म काढून टाक. मी तुझी आई आहे, तो धरू नये. तू येऊ नकोस, दुसऱ्या कोणाला पाठव. चाळीस जणांना कागद द्या.

ताईने खूण केली ती चूक होती. आम्ही सांगितलं, पण तिने ऐकायला नको होतं. ते तू लिही. लपवू नकोस. पण खाली हेही लिही, की आम्हाला समोर बसवून पुन्हा विचारा.

हात दुखला. थांबते. जेवत जा.

तुझी आई

(ताईला वाचून दाखवलेलं नाही. तातडीच्या टपालाने पाठवते.)


दि. ६ एप्रिल

तीर्थरूप आईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र २३ तारखेला ऑफिसात मिळालं. वाचलं आणि जिना उतरून खाली जाऊन उभा राहिलो. वर सगळ्यांसमोर रडणं बरं दिसलं नसतं. ते वाक्य लिहिल्याबद्दल मला माफ कर. मी इतकी माणसं मोजली, आणि तुला न मोजताच तुझा आकडा मांडून ठेवला होता.

दुसऱ्या दिवशी लेखी दिलं. खूण खोटी आहे हे लिहिलं. खाली तुझं म्हणणं लिहिलं. सतरा क्रमांक रद्द केला. कारणाच्या रकान्यात लिहिलं, ‘उत्तर देणारी माझी आई आहे.’ साहेबांनी ते दोनदा वाचलं आणि खाली सही केली.

२६ तारखेला आमच्या सहकारी बाई तुमच्या वाचनालयात आल्या, ते तू पाहिलंसच. तू दाराबाहेर बाकावर बसून राहिलीस आणि त्यांनी दोनदा बोलावूनही आत गेली नाहीस, हे त्यांनी मला सांगितलं. चाळीसपैकी तेहतीस आले. ताईला आत थांबू दिलं नाही. आदल्या दिवशीच्या वर्तमानपत्रातला एक परिच्छेद वाचायचा आणि तेच प्रश्न, स्वतःच्या हाताने. चोवीस जणांनी सगळं लिहिलं, सहा जणांनी अर्धं, तिघांनी नाव लिहून पेन ठेवलं. शिंप्याने दोन ओळी लिहायला पाऊण तास घेतला आणि कोणाला कागदाला हात लावू दिला नाही.

समितीने वर्ग एक वर्ष चालू ठेवला आहे. पुढच्या मार्चमध्ये पुन्हा मोजणार, या वेळी माणसाला समोर बसवून. चार पानी फॉर्म बंद झाला. ताईला लेखी ताकीद मिळाली आहे, ती तिच्या सेवापुस्तकात राहील. मला वाईट वाटतं, पण ते योग्य झालं. तिने मला फोन करून सांगितलं की तिलाही तसंच वाटतं, आणि मग बराच वेळ मला शिव्या दिल्या.

पाकिटावर पहिल्यांदाच तुझं नाव घातलं आहे. ताईला फोडू देऊ नकोस. तिला ऐकायचं असेल तर तू वाचून दाखव, आणि वाटलं तर मधलं गाळ.

आशीर्वाद असू देत. पाकिटात हा एकच कागद आहे.

तुझा
बाळ