देवीपुढची वायर

नवागाम, सुरत
१७ जुलै २०२५, गुरुवार

तीर्थस्वरूप सरस्वती वहिनीस,

धुडकूचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार.

इकडे सगळे खुशाल आहोत. तुझ्या पुतण्याला, चेतनला, सचिन भागातल्या कारखान्यात कायम केलं. सुंदराचे गुडघे होते तसेच आहेत. तुझा खोकला थांबला असेल अशी आशा करतो. अक्षर पाहून तुला कळेलच, मी सांगतोय आणि सुंदरा लिहितेय. का, ते पुढे येईल.

हातात फोन असताना पत्र कशाला, असं म्हणशील. फोनवर तू माझं ऐकत नाहीस, म्हणून.

मागच्या दिवाळीला मी तुला बॅटरीचा डबा आणून दिला. लाइट गेली की तुझा पंखा आणि देव्हाऱ्यातला बल्ब त्याच्यावर चालतो. तो चार्ज करायची जाड काळी वायर कंपनीनं परत मागवली आहे. ती तापून पेट घेते. डबा चांगला आहे, खोट फक्त वायरीत. तिचे दोन तुकडे करायचे, त्यांचा फोटो कंपनीला पाठवायचा, मग नवी वायर फुकट येते. एवढंच मी रविवारी फोनवर सांगितलं, तर तू म्हणालीस, “चांगली चालणारी वस्तू कोन कापस रे? येडा शे का तू? देवीपुढली शे ती.”

मला ठाऊक आहे, तू त्या वायरीला हळदकुंकू लावलंस, लाल दोरा बांधलास. डबा आणला त्या दिवशी तू माळ्यावरचा कंदील काढून त्याच्या शेजारी ठेवलास आणि म्हणालीस, “हा जुना कारभारी, हा नवा. भांडू नका रे.” दादा असता तर पोट धरून हसला असता.

तो कंदील मला फार आठवतो. आई गेली तेव्हा तू नुकतीच लग्न होऊन आलेली. घरातल्या मोठ्यांत फक्त तुझाच हात काचेत जाईल एवढा बारीक. दिवस कलला की तू ओट्यावर बसून राखेनं काच पुसायचीस आणि उरलेली राख जमिनीवर पसरून माझं बोट धरून अक्षरं काढून घ्यायचीस. ‘ध’ मला येतच नव्हता. “स्वतःचं नाव येत नाही अन् चालला मोठा मास्तर व्हायला!” मास्तर नाही झालो, इथे कापडाच्या मागावर आलो, पण रोज सकाळी हरिपाठ वाचतो तो त्या राखेच्या जोरावर.

एकदा काच तापलेली होती. तुझी बोटं भाजली. तू हळद लावलीस, हात पदराखाली घेतलास आणि त्याच हातानं सगळ्यांच्या भाकरी थापल्यास. दादाला कळू दिलं नाहीस. मी पाहिलं होतं.

इथे सुंदरानं पेन खाली ठेवलं. म्हणाली, “कंदिलाचं पुराण पुरे. जाऊबाईंना खरं सांगा, नाहीतर मी पुढे लिहीत नाही.” मी म्हटलं, म्हातारी घाबरेल. ती म्हणाली, “घाबरू द्या. घाबरल्या तरच कापतील. घर पेटलं तर हे पत्र कुठं बसून वाचतील त्या?”

तिचं खरं आहे. म्हणून सांगतो.

तुझ्या डब्यासोबत तसाच एक मी इथे भजनी मंडळाच्या माईकसाठी घेतला होता. आषाढी एकादशीला सकाळी तो देवघराजवळ चार्जिंगला लावला होता. आधी वास आला, मग वायरीतून धूर, आणि बघता बघता देवाच्या पडद्याला जाळ लागला. कारखान्याच्या खात्यात मागावर ठिणगी दिसली की हात आधी जातो, डोकं मागून. तीच सवय. बटण बंद करायचं सोडून मी वायर मुठीत धरून ओढली. वितळलेलं रबर तळहाताला चिकटलं. पडदा चेतननं पाणी टाकून विझवला. देव सुखरूप आहेत. घर सुखरूप आहे. माझा उजवा हात पट्टीत आहे.

म्हणून तू व्हिडिओ लाव म्हणतेस तेव्हा मी रेंज नाही म्हणतो. लपवायची ही रीत तुझ्याकडूनच शिकलो, रागावू नकोस.

तुझा डबा देव्हाऱ्यापुढे कणगीला लागून आहे आणि वर गोधड्यांची चळत आहे. इथे शेजारपाजारचे चौघे धावून आले, तिथे तू एकटी. त्या विचारानं मला झोप येत नाही. देवीचा राग येईल असं मनात आणू नकोस. श्रावणात कानबाईला आपण किती मायेनं बसवतो, आणि दुसऱ्याच दिवशी डोक्यावर घेऊन नदीला पोचवतो ना? तसंच कर. आधी बटण बंद कर, वायर काढ, दोरा सोडून तो देव्हाऱ्यात ठेव, वायरीला नमस्कार कर आणि विळ्यानं काप. फोटो शेजारच्या गोपालकडून काढून घे.

कानबाईच्या सणाला आम्ही तिघंही येतोय. रोटाचे, देवीच्या नैवेद्याच्या पोळ्यांचे, गहू प्रत्येक पुरुषानं आपल्या मुठीनं सव्वा मूठ घालायचे, ही आपल्या घरची रीत. लहानपणी माझी मूठ बघून दादा म्हणायचा, “याच्या रोटात मुंगी उपाशी राहील.” मग तू माझ्या मुठीखाली तुझी मूठ धरायचीस आणि माप पुरं व्हायचं.

यंदा माझी मूठ मिटत नाही, वहिनी. माझ्या नावाचे गहू तूच घाल. पण त्याआधी वायर काप.

खाली नाव मी स्वतः लिहिलंय, डाव्या हातानं. ‘ध’ पुन्हा चुकलाय.

तुझ्याच हातचा,
धुडकू